निकाल ऐकायला गेलेली ब्राह्मी

बोरगावच्या पाणवठ्यावर दहा बायका बोलत असल्या तर ब्राह्मी त्यांच्यात असे, पण तिचा आवाज असा कुणाच्या ध्यानात राहिला नाही. सदलग्याहून लग्न होऊन आली तेव्हा अंगानं चिमणीएवढी, आणि बोलणंही तेवढंच. सासू सुंदराव्वा म्हणायची, "थोरलीला देवानं दोन जिभा दिल्या, मग धाकटीला कुठनं उरंल?"

थोरली म्हणजे कांता, रायगोंडाची बायको. ब्राह्मी धाकट्या शांतिनाथाची. घर जैनाचं, नदीकाठाला तंबाखूचं रान, बस्तीत, म्हणजे जैन देवळात, रोजचं दर्शन आणि दिवस मावळायच्या आत जेवण. थोरल्या दिरासमोर ब्राह्मी कधी तोंड उघडत नसे. त्या काळी रीतच तशी होती. भाकरी वाढायची झाली तर ती भांडं जरा वाजवायची, आणि रायगोंडालाही काही सांगायचं असलं तर तो दावणीच्या बैलाकडं बघून म्हणायचा, "आज रानात जेवान लवकर पायजे बरं का." बैल मान हलवायचा आणि ब्राह्मी चुलीला लागायची. आळीतली पोरं हसायची. पण घर चाललं होतं गोडीगुलाबीनं.

ब्राह्मीची कूस दोनदा भरली आणि दोन्हीदा रिकामी झाली. दुसऱ्या खेपेचं लेकरू तर सूर्य बघून गेलं. त्यानंतर ती बस्तीत गेली की मूर्तीपुढं उभी राहायची, मागायची काही नाही. मागायचं नसतं, हे तिला माहेरीच शिकवलेलं. आपलं कर्म आपण भोगून संपवायचं. पण डोळ्यांना कोण शिकवणार? ते कांताच्या दोन लेकींवरनं हलायचे नाहीत.

कांता जिभेची तिखट, पण आतून मऊ. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा एक दिवस दोघी जावा सोप्यात डाळ निवडत बसल्या होत्या. कांतानं ब्राह्मीचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

"हे येईल ते तुजं."

"आक्का, असं बोलू नगासा."

"का बोलू नगं? बाराव्या दिवशी चारचौघींत तुज्या ओटीत घालीन. माजं दूध पिईल, तुजं म्हनून वाढंल. एका घरात तर ऱ्हायचं. आई तेवढी बदलायची."

आमच्या भागात असं होत असे. वांझोट्या जावेच्या ओटीत थोरलीनं लेकरू घातलं की ते तिचं. कागद नाही, काही नाही. चार सवाशिणींनी बघितलं की झालं. सुंदराव्वानं आतनं ऐकलं, नुसती हुंकारली. नको म्हणाली नाही. त्या दिवसापासून ब्राह्मी जुन्या लुगड्यांच्या मऊ चिंध्या धुऊन वाळवून दुपटी शिवायला लागली.

आणि त्याच पावसाळ्यात ते भांडण झालं.

शेजारच्या नागुबाईच्या शेळ्या तंबाखूच्या तरव्यात शिरल्या. तरवा म्हणजे तंबाखूची रोपं करायचा वाफा. तो गेला म्हणजे वर्षाचं पीक गेलं. कांता धावली, नागुबाई उलट बोलली. "शेळीला काय वाचता येतं व्हय गं, तुजा तरवा का माजा?" असं काहीतरी. कांताच्या हातात शेळ्या हाकायची काठी होती. ती शेळीवर पडायची, ती नागुबाईच्या मनगटावर पडली. हाड मोडलं. हात फळीत बांधून नागुबाई पोलिसांत गेली, आणि बोरगावच्या एका साध्या तंट्याची फौजदारी झाली.

तारखा पडत गेल्या. पोट वाढत होतं तशी कांता अंगावर जाड चादर लपेटून, पदर नाकापर्यंत ओढून रायगोंडाबरोबर तालुक्याच्या कोर्टात जाई आणि कोपऱ्यात मुटकुळं करून बसे. तिचं तोंड तिथल्या शिरस्तेदारानंही धड बघितलं नसेल. साक्षी झाल्या, वकिलांचं बोलणं झालं. वकील म्हणाले, "चिथावणी होती. दंडावर सुटेल. आता फक्त निकाल." निकालाची तारीख लागली आणि तिच्या आधी नऊ दिवस कांता बाळंत झाली.

मुलगा झाला.

दोन मुलींवर मुलगा. सुंदराव्वानं दारात साखर वाटली. ब्राह्मीनं बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घातलं, त्याच्या ओल्या टाळूवर तेल थापलं, आणि कुणी बघत नाही असं बघून आपला गाल त्या टाळूला लावला.

रायगोंडा वकिलांकडं विचारायला गेला. बाळंतीण बाई, अजून सोयर फिटलं नाही. कोर्टाला कशी न्यायची? वकील म्हणाले, "निकालाला आरोपीनं जातीनं हजर राहायला पाहिजे. फिर्यादी आली नाही तरी चालेल, पण आरोपी पाहिजेच. येत नसेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा, मी तारीख वाढवून मागतो. डॉक्टरनं मात्र बाईला बघून लिहायला हवं."

सुंदराव्वा भडकली. "परका बाप्या माज्या बाळंतिणीच्या खोलीत? चिठ्ठीसाठी? माज्या जित्या जिवात न्हाय!"

"मग काय करायचं, अव्वा?" रायगोंडा म्हणाला. "न गेलं तर वारंट निघंल. पोलीस घरात येतील."

"निकाल म्हंजे काय असतंय रं? तिथं काय बोलायचं असतंय?"

"बोलायचं कायबी न्हाय. साहेब वाचनार, आपन ऐकायचं."

"मग ऐकायला कांताच कशाला पायजे? पंचांनी निवाडा केला तर घरातलं कुनीबी एक जाऊन ऐकून येतंय. दंड भरायचा न् यायचं. आपल्या घरची बाईच जायाची. धाकटी जाईल."

कुणाला त्यात खोटेपणा वाटला नाही, हे खरं सांगायला हवं. घर एक, चूल एक, दंड घरातनंच जायचा. शांतिनाथ एवढंच म्हणाला, "तिला विचारा तरी." त्यानं विचारलंही. ब्राह्मी उठून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी गेली. आत शेगडीची धग, ओव्याचा वास. कांता रडत होती.

"माज्यापायी तुला जावं लागतंय गं."

"त्यात काय, आक्का. सांजच्या आत येतो की आमी." मग ती जरा थांबली. आयुष्यात तिनं असं काही मागितलं नव्हतं. "आक्का, ते... बाराव्याचं... ध्यानात हाय न्हवं?"

"हाय गं बाई, हाय," कांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सोयर म्हणून दारातनंच बस्तीकडं हात जोडून, कांताची चादर अंगावर घेऊन ब्राह्मी गाडीत बसली. वाटेत रायगोंडा बैलांना म्हणाला, "नाव पुकारलं की नुसतं व्हय जी म्हनायचं. मान वर करायची न्हाय. बाकी मी हाय." बैलांनी कान हलवले. ब्राह्मीनं पदराआड मान हलवली.

वकील त्या दिवशी दुसऱ्या गावी कामाला गेले होते. त्यांचा कारकून आला होता, त्यानं कांताला कधी पाहिलंच नव्हतं. नागुबाई मात्र आली होती. यायची सक्ती नसताना आली होती, कारण आपला न्याय कानांनी ऐकायचा होता तिला. ती पायरीवर बसलेली. ब्राह्मी समोरून चालत आली आणि नागुबाईचा दुखरा हात मांडीवरून उचलला गेला. नऊ वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिलेली बाई. चादरीआड तोंड असलं म्हणून चालणं लपतं का? तिनं तोंड उघडलं. मग रायगोंडाकडं बघितलं, पुन्हा ब्राह्मीकडं, आणि तोंड मिटून घेतलं.

पट्टेवाल्यानं पुकारा केला, "कांताबाई कोम रायगोंडा!"

कोम म्हणजे बायको. कोर्टाच्या कागदात तसंच लिहीत. ज्याच्यासमोर कधी भांडं वाजवण्यापलीकडं आवाज केला नाही, त्याची बायको म्हणून भरल्या कोर्टात ब्राह्मीचा पुकारा झाला. पाय जमिनीला चिकटले. पुन्हा पुकारा झाला. मग ती पुढं गेली, कठड्यात उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय जी."

रायगोंडानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो हा.

साहेब इंग्रजीत वाचत होते. लांबलचक वाचलं. ब्राह्मी मनात णमोकार मंत्र म्हणत होती; दंड किती का असेना, बाळाला दुपारचं अंग चोळायचं राहिलं, हेच तिच्या डोक्यात. मग शिरस्तेदार उठला आणि मराठीत सांगितलं, "हाड मोडल्याचा गुन्हा शाबीत. तीन महिने साधी कैद."

ब्राह्मीला आधी ते आपल्याशी बोलत आहेत हेच कळलं नाही. एक शिपाई कठड्याशी येऊन उभा राहिला तेव्हा तिनं पदर कपाळावर सारून, रीत मोडून, थोरल्या दिराच्या तोंडाकडं सरळ बघितलं. रायगोंडाचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्यानं मान खाली घातली.

एक शब्द पुरे होता. मी ती न्हवं. पण त्या शब्दानं काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. याच शिपायानं बोरगावला जायचं, त्या शेगडीच्या खोलीतनं ओल्या बाळंतिणीला उठवायचं, नऊ दिवसांच्या लेकराला वाऱ्यात काढायचं, थंड फरशीवर निजवायचं. आणि ते लेकरू कुणाचं? बाराव्या दिवशी कुणाच्या ओटीत यायचं होतं?

ती पदर पुन्हा पुढं ओढून कठड्यातून खाली उतरली. शिपायाच्या पुढं चालू लागली. मागनं रायगोंडानं हाक मारली, पहिल्यांदाच बैलाला नव्हे, तिला. "पोरी!" एवढंच.

जिल्ह्याच्या तुरुंगात तिला कुणी छळलं नाही. उगाच कुणाला दोष देऊ नये. भाकरी मिळे, कांदालसूण घातलेली आमटी ती शेजारणीला देई आणि मिठाशी भाकरी खाई. पाणी पदरानं गाळून घेई. संध्याकाळचं जेवण उन्हं असतानाच येई, याचं तिला एवढं समाधान वाटलं की पहिल्या दिवशी ताटापुढं ती रडली.

अवघड होतं ते नाव. सकाळी हजेरीला "कांताबाई" म्हणून हाक आली की ओ द्यायची. झोपेतनंही. ते साल सत्याग्रहाचं. शहरातल्या पुष्कळ बायका देशासाठी तुरुंगात आल्या होत्या. गाणी म्हणत, सूत कातत. त्यातल्या एकीनं मायेनं विचारलं, "कांताबाई, तुम्ही मिठाच्या सत्याग्रहातल्या की दारूच्या दुकानापुढच्या पिकेटिंगच्या?" ब्राह्मी म्हणाली, "मारामारीच्या." ती बाई हसली, तिला थट्टा वाटली. मग खरंच कळलं तेव्हा जरा सरकून बसली.

बारावा दिवस उजाडला तेव्हा ब्राह्मीनं उपास धरला. सगळा दिवस मांडीवर रिकामा पदर पसरून भिंतीशी बसून राहिली. मेट्रननं विचारलं, "काय हरवलं का?" ती म्हणाली, "न्हाय. आज आमच्यात बारसं हाय."

वैशाखात सुटली. दारात शांतिनाथ उभा होता, हातात निपाणीहून आणलेलं नवं लुगडं. सत्याग्रही बायका सुटत होत्या त्यांना हार घालायला माणसं जमली होती, बँड होता. त्या गर्दीतनं वाट काढत हे दोघं सर्व्हिस मोटारीपर्यंत आले. मोटारीत बराच वेळ शांतिनाथ खिडकीबाहेर बघत होता.

"वाळलीस लई," तो म्हणाला.

"अव्वा बऱ्या हायत?"

"हायत."

"आक्काला दूध पुरतंय न्हवं बाळाला?"

"पुरतंय."

"नाव काय ठेवलं?"

शांतिनाथानं गुडघ्यावरचं लुगड्याचं पुडकं इकडचं तिकडं केलं. "आदगोंडा."

आदगोंडा हे सासऱ्याचं नाव. वारलेल्या सासऱ्याचं नाव घरच्या पहिल्या नातवाला, घराण्याच्या धन्याला ठेवतात. ओटीत घालायच्या लेकराला नव्हे.

बोरगावात शिरताना शांतिनाथ खाली मान घालून म्हणाला, "अव्वा म्हणती, मागल्या दारानं या. शुद्ध हुईस्तवर." ती मागल्या दारानं आली. उपाध्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, ते तिनं शब्दाला शब्द केलं. उपास केले, मूर्तीच्या अभिषेकाचं गंधोदक घेतलं, बस्तीच्या पायरीवर बाहेरच बसून जाप केला. केस कुणाची आणि नाव कुणाचं, पण तुरुंगाचं अन्न हिच्याच पोटात गेलं होतं. ते फेडायला हवं, असं तिलाही वाटत होतं. घरात कुणी तिला टाकून बोललं नाही. उलट सगळी जपून बोलत, आजाऱ्याशी बोलावं तशी. तेच तिला सोसेना. परड्यात कुणी "कांता" म्हणून हाक मारली की तिची मान आधी वळायची, आणि हाक मारणारी गप्प व्हायची.

विहिरीवर एक दिवस नागुबाई भेटली. मोडलेला हात वाकडाच जुळला होता; दोर ओढता येत नव्हता. ब्राह्मीनं न बोलता तिची घागर भरून दिली.

"मला ठावं हुतं," नागुबाई म्हणाली. "पायरीवरच वळखलं मी तुला."

"व्हय."

"बोलले असते तर तू सुटली असतीस."

"मग का बोलला न्हाईसा?"

नागुबाई घागरीकडं बघत राहिली. "मला वाटलं, दंड हुईल. कुनी का उभी ऱ्हाईना, पैसं त्याच घरातलं जातील. मला काय म्हाईत गं बाई... नुसतं ऐकायला गेलेल्या माणसाला धरून नेत्यात म्हनून!"

हे सगळ्यांनाच वाटलं होतं. तिच्या वैरिणीलासुद्धा.

प्रायश्चित्त पुरं झालं, ती बस्तीत जाऊन आली, चुलीला तिचा हात लागला. मग एक दिवस धीर करून ती कांतापाशी गेली. कांता पाळण्याला झोका देत होती. पाळण्यात ब्राह्मीनंच शिवलेलं दुपटं.

"आक्का, तुमी बोलला हुतासा."

कांताचा हात थांबला.

"तवा पोरगी हुईल असं वाटलंतं गं."

"तवा तुमी पोरगा-पोरगी म्हनला न्हवता."

"न्हवतं म्हनलं." कांता खाली बसली आणि तिनं ब्राह्मीचे पाय धरले. थोरलीनं धाकटीचे! ब्राह्मी मागं सरली तरी सोडेना. "तू माज्या बदल्यात गेलीस. मी हितं शेगडीशी निजून रोज मेले. सांजचा घास माज्या नरड्यातनं उतरत न्हवता. तू म्हनशील ते देती, पाटल्या घे, माजा जीव घे. पर ह्येला दे म्हनू नगंस. तू न्हवतीस तवा ह्यो एकटाच हुता माज्याजवळ. ह्येच्या तोंडाकडं बघून मी ते दिवस काढलं. आता सुटत न्हाय गं हातातनं. आन् अव्वा तर..."

दारात सुंदराव्वा उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, पण बोलली ते स्वच्छ बोलली. "पोरी, तुजं उपकार ह्या घरावर हायत. पर वंशाचा दिवा, आन् तुरुंग बघून आलेली ओटी... लोक उद्या त्येला काय म्हनतील? बघू म्होरं. अजून काय वय गेलं न्हाय तुजं."

ब्राह्मीनं कांताचे हात आपल्या पायांवरनं अलगद सोडवले. "उठा, आक्का. दूध यायचं थांबंल रडून," ती म्हणाली आणि शेणी थापायला परड्यात गेली.

तिच्या मनात राग होता का? असणारच. माणूस होती. पण तिनं तो कुणावर काढला नाही. देवळात उभी राहून ती आता मागायला लागली होती, एवढंच. आणि मागितलं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करायची.

सुगीच्या आधीची गोष्ट. उन्हं सोप्यात आलेली. कांता सुपानं ज्वारी पाखडत होती, सुंदराव्वा वाती वळत होती, ब्राह्मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. आदू नुकताच रांगायला लागला होता. तो आईजवळनं निघाला, आजीच्या कापसाकडं बघितलं, तिला ओलांडून गेला, आणि तळहात आपटत, लाळ गाळत थेट चुलीकडं आला. ब्राह्मीच्या पाठीला धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला तो असा, तिच्या पाठीचा पदर मुठीत धरून, आणि आपल्याच पराक्रमावर खदखदा हसला.

सूप थांबलं. वात वळायची थांबली.

ब्राह्मीच्या पिठाच्या हातातली भाकरी परातीत तशीच पडली. मानेवर त्याचा ओला श्वास लागत होता. हात मागं नेला असता तर तो मांडीत आला असता. ती कांताच्या तोंडाकडं बघत राहिली. घे गं, एवढे दोन शब्द. एका दुपारपुरते. कांतानं सूप छातीशी धरलं. तिची नजर पोरावर अशी खिळलेली, जणू नदीच्या धारेला लागलंय ते.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ब्राह्मीनं ती उलटली. मग मागं न बघता, हळूच, पोरगं पडणार नाही असं अंग स्थिर धरून ती म्हणाली,

"आक्का, तुमचं लेकरू चुलीपाशी आलंय. न्या त्याला."

कांता उठली आणि तिनं येऊन त्याची मूठ सोडवली. तो रडायला लागला. एकेक बोट सोडवावं लागलं.